गांडुळाची साक्ष



इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज ज्याचा इतिहास तुम्हांला सांगावयाचा आहे त्याच्यापाशी राज्य नाही आणि तलवारही नाही. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत, पाठीचा कणा तर मुळीच नाही. एखाद्या लेच्यापेच्या माणसाला हिणवायचे झाले तर आपण याचेच नाव घेतो. होय, मी गांडुळाबद्दलच बोलतो आहे. कुठे त्याला काडू म्हणतात, कुठे दानवे म्हणतात. नाव काही असो, पहिल्या पावसात तो घराच्या ओट्यापर्यंत येतो हे लहान पोरालाही ठाऊक असते.

तुम्ही म्हणाल, गांडुळाचा कसला आलाय इतिहास? पण जरा थांबा. आपल्या जमिनीत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत जे जे पडले, तांबे पडले, शिसे पडले, आता प्लॅस्टिक पडते आहे, त्या सर्वांची नोंद याच्या अंगात झालेली आहे. नदीचे पाणी नासले तर मासे वर तरंगतात आणि गावाला कळते. जमीन नासली तर कोण सांगणार? माती तर दिसायला तशीच काळी, तशीच तांबडी. अशा वेळी साक्षीला उभा राहणारा प्राणी एकच, तो म्हणजे गांडूळ. ही साक्ष माणसाने कशी ऐकली, कधी ऐकली नाही, आणि न ऐकल्यामुळे काय झाले, ते आता क्रमाने पाहू.

आपल्या पूर्वजांचे या प्राण्याकडे अगदीच दुर्लक्ष होते असे नाही. संस्कृतात त्याला गण्डूपद म्हणत. रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत त्याला ‘भूनाग’ असे भारदस्त नाव आहे आणि भूनागापासून धातुरूप ‘सत्त्व’ काढण्याची कृतीही दिलेली आहे. गांडुळापासून धातू! ऐकायला नवल वाटते. पण जो प्राणी जन्मभर मातीच खातो, त्याच्या देहात मातीतला धातू असणारच. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

इंग्लंडात सेलबोर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट या पाद्रीबुवांनी 1777 साली एका पत्रात लिहून ठेवले की, हा प्राणी दिसायला क्षुद्र असला तरी तो नाहीसा झाला तर सृष्टीत मोठी पोकळी पडेल. त्याच्या बिळांनी जमीन सच्छिद्र होते, पाणी मुरते आणि झाडाची मुळे पसरतात. ते पत्र 1789 साली पुस्तकात छापून आले. लोकांनी वाचले आणि विसरले. माळी आणि शेतकरी गांडुळाला कीड समजून मारतच राहिले.

मग आला चार्ल्स डार्विन. याचे नाव गुरुजनांना माहीत आहेच. शेतकरी मंडळींनी एवढे समजावे की, प्राण्यांच्या जाती कशा बदलत गेल्या याचा सिद्धांत मांडणारा तो थोर शास्त्रज्ञ. पण तरुणपणी, 1837 सालच्या नोव्हेंबरात, लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेपुढे त्याने एक निबंध वाचला, तो गांडुळांवर होता. त्याच्या मामाने आपल्या कुरणात काही वर्षांपूर्वी चुना आणि जळके कोळसे पसरले होते. ते सगळे आता गवताखाली काही इंच खोल जाऊन बसलेले दिसले. कोणी पुरले? कोणीच नाही. गांडुळे खालची माती खाऊन वर विष्ठा टाकत गेली आणि वरची वस्तू आपोआप खाली जात राहिली.

डार्विनचा स्वभाव असा की एकदा शंका धरली की सोडायची नाही. 1842 साली त्याने केंट परगण्यातील आपल्या घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि वाट पाहिली. किती वाट पाहिली म्हणता? 29 वर्षे! 1871 साली तिथे चर खणला, तेव्हा खडूची पांढरी रेघ जमिनीखाली सुमारे 7 इंचांवर सापडली. म्हणजे दर पाच वर्षांत इंचभराहून थोडी जास्त नवी माती गांडुळांनी वर आणून घातली होती. घरात कुंड्यांत गांडुळे ठेवून त्याने त्यांच्या परीक्षाही घेतल्या. मुलाने बासून नावाचे मोठे वाद्य वाजवले, बायकोने पियानो वाजवला, गांडुळे ढिम्म. पण कुंडी पियानोवरच ठेवून सूर काढला की ती चटकन बिळात शिरत. म्हणजे ऐकू येत नाही, पण जमिनीचा कंप कळतो. आपल्या देशाशीही त्याचा या कामात संबंध आला. कलकत्त्याच्या वनस्पतीउद्यानातील गांडुळाने रचलेल्या मनोऱ्यासारख्या विष्ठेचे चित्र त्याच्या पुस्तकात आहे.

ते पुस्तक 1881 च्या ऑक्टोबरात निघाले आणि पुढल्याच एप्रिलात डार्विन वारला. हे त्याचे शेवटचे पुस्तक. त्याने हिशेब मांडला तो असा: इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी एका एकरात दर वर्षी 10 टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाते. नांगर हे माणसाचे फार जुने अवजार खरे. पण त्याच्याही आधीपासून जमीन नांगरण्याचे काम गांडुळे करीत आली आहेत, हा त्या पुस्तकाचा मथितार्थ.

मंडळी, या हिशेबाची दुसरी बाजू त्या काळी कोणाच्या मनात आली नाही. एकरी 10 टन माती जर गांडुळाच्या पोटातून जात असेल, तर मातीत जे काही पडेल तेही त्याच वाटेने जाणार! शेणखत जाईल तसे विषही जाईल. गांडुळाची कातडी ओली असते आणि श्वास घेणे ते याच कातडीतून. म्हणजे आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून मातीशी त्याचा संबंध. बैलाला तोंडाला मुसके बांधता येते; गांडुळाला मातीपासून दूर ठेवायचे कसे?

आता विषाची कथा. गंमत अशी की डार्विनचे पुस्तक निघाले त्याच सुमारास फ्रान्सच्या द्राक्षबागांत तिची सुरुवात होत होती. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने तिकडचे मळे उजाड होऊ लागले होते. 1882 साली बोर्दो विद्यापीठातील वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे मेदोक भागात फिरत असता त्यांना दिसले की, सगळा मळा रोगाने पानगळून गेला आहे, पण रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. चौकशी केली. मळेवाल्याने सांगितले, वाटसरू द्राक्षे तोडून खातात, म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडला. निळा डाग पाहून लोक भितात. चोरासाठी केलेला उपाय रोगावर लागू पडला! मिलार्दे यांनी प्रयोग करून 1885 साली तो जाहीर केला. तेच आपले बोर्डो मिश्रण. आज नाशिक-सांगलीचा द्राक्षबागाईतदार ते फवारतो, विदर्भातला संत्रेवाला त्याचा मलम झाडाच्या खोडाला लावतो.

बोर्डो मिश्रणाने जगाचे अपार कल्याण केले यात संशय नाही. पण एक गोष्ट विसरली गेली. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तांबे हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, उडून जात नाही, ऊन-पावसाने संपत नाही. पानावरून पावसाबरोबर ते खाली येते, मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय भागाला घट्ट धरून बसते आणि वरच्या काही इंचांतच मुक्काम ठोकते. नेमका तोच थर गांडुळांचा. एका फवारणीचे काही वाटत नाही. पण वर्षाला अनेक फवारण्या आणि अशी पन्नास-साठ वर्षे, याचा हिशेब करा.

तो हिशेब 1961-62 च्या सुमारास इंग्लंडात विसबेक गावच्या सफरचंदांच्या बागांत समोर आला. त्या बागांवर वर्षानुवर्षे तांब्याचे फवारे मारलेले होते. रॉथॅमस्टेड हे 1843 साली सुरू झालेले जगातले फार जुने शेतीसंशोधन केंद्र. तेथील रॉ नावाच्या शास्त्रज्ञाने बागांतल्या गांडुळांची पाहणी केली. चांगल्या बागेत त्याला असे दिसले की, पानगळीची जी पाने जमिनीवर पडतात त्यांतली शंभरातली नव्वदाहून अधिक पाने हिवाळा सरेपर्यंत गांडुळे बिळांत ओढून नेतात. आणि तांब्याने भरलेल्या बागेत? तिथे गांडुळे जवळजवळ नाहीतच. जमिनीवर न कुजलेल्या पानांची सतरंजी अंथरलेली, आणि तिच्याखाली कण न बांधलेली, बसकी माती.

इथे थोडे थांबून विचार करा, कारण या एका उदाहरणात सगळा धडा आहे. सफरचंदावर फवारे कशासाठी मारत? खवड्या रोगासाठी. त्या रोगाची बुरशी हिवाळ्यात कुठे राहते? गळून पडलेल्या पानांवर. ती पाने जमिनीत पुरून रोगाचा नायनाट फुकटात कोण करीत होते? गांडुळे. म्हणजे ज्या औषधाने रोग मारायचा त्याच औषधाने रोगाचा शत्रू मेला, पाने वर राहिली, आणि वसंतात रोगाला घर तयार! मग पुन्हा फवारा. शेजाऱ्याच्या भांडणात आपलाच राखणदार कुत्रा मारावा, तसा हा प्रकार झाला.

तांबे जमिनीत किती काळ टिकते हे पाहायचे तर डेन्मार्कमधील हायगुम येथली जमीन पाहावी. 1911 ते 1924 या काळात तिथे लाकूड टिकाऊ करण्यासाठी मोरचूद वापरीत. काम बंद पडले, पुढे तिथे शेती झाली. तरीही सत्तर-ऐंशी वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी खणून पाहिले तेव्हा जिथे तांबे जास्त तिथे गांडुळांचे प्रमाण कमी, असा नकाशाच जमिनीत उमटलेला आढळला. इंग्लंडात वोबर्न येथे 1942 ते 1961 पर्यंत शहरातल्या सांडपाण्याचा गाळ खत म्हणून घातला होता. घालणे बंद करून वीस वर्षे लोटल्यावरही त्या मातीतले सूक्ष्म जंतू निम्म्यावर आलेले आढळले. खत म्हणून जे घातले ते खत संपून गेले, आणि त्याच्यासोबत आलेले धातू मागे राहिले.

सगळेच धातू गांडुळाशी सारखे वागत नाहीत, हेही समजून घेतले पाहिजे. तांब्याला गांडूळ लवकर बळी पडतो. मरण्याच्याही आधी त्याची अंडकोष घालण्याची शक्ती मंदावते, म्हणजे वंशच आटतो. कॅडमियम नावाच्या धातूची गोष्ट उलटी. तो गांडुळाच्या अंगात साठत जातो. आतड्याभोवती त्याच्या शरीरात एक पिवळसर पेशींचे आवरण असते. तिथे एक विशेष प्रथिन कॅडमियमला जखडून ठेवते, तर शिसे आणि जस्त बारीक कणांच्या रूपाने बाजूला साठवले जातात. वेल्समधल्या जुन्या शिशाच्या खाणींच्या आसपास 1970 नंतरच्या दशकात अशी गांडुळे तपासली गेली. मातीत कॅडमियम असेल त्याच्या कितीतरी पट ते गांडुळात सापडते. आठवली का ती भूनागाच्या सत्त्वाची गोष्ट? गांडूळ स्वतः तगून राहतो, पण त्याला चिमणी-साळुंकी खाते, कोंबडी खाते. ठेव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते.

हे कॅडमियम शेतात येते कुठून? कारखान्याच्या पाण्यातून येते, शहराच्या गाळातून येते, आणि स्फुरदाच्या खतांतूनही येते, कारण ज्या खडकापासून ही खते करतात त्यांत ते मुळातच कमीअधिक असते. जपानात तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी खाणीचे पाणी भातशेतीत गेले, आणि भात खाणाऱ्या माणसांची, त्यांतही बायकांची, हाडे ठिसूळ होऊन असह्य दुखू लागली. ‘इताइ-इताइ’, म्हणजे ‘दुखतंय हो, दुखतंय’, असेच त्या रोगाचे नाव पडले. 1968 साली जपान सरकारने कॅडमियम हे त्याचे कारण मान्य केले. मोठ्या युरोपीय बाजारपेठेत 2022 सालापासून स्फुरद खतातील कॅडमियमवर मर्यादा लागू झाली आहे. म्हणजे हा केवळ गांडुळाचा प्रश्न नाही. गांडूळ पंगतीत आपल्या आधी बसतो, इतकेच.

आता दुसरा पाहुणा, प्लॅस्टिक. हा धातूंपेक्षा वयाने पुष्कळच लहान. पॉलिथीन हा पदार्थ 1933 साली इंग्लंडातील एका रसायन कारखान्यात अपघाताने सापडला. 1948 साली अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील एमर्ट या प्राध्यापकाने महाग काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद लावून रोपांचे घर बांधले. तिथून प्लॅस्टिक शेतीत शिरले. जमिनीवर त्याचे आच्छादन घातले की ओल टिकते, तण येत नाही, माती उबदार राहते, पीक लवकर येते. 1978-79 च्या सुमारास ही युक्ती जपानातून चीनमध्ये गेली आणि तिथे इतकी फोफावली की पुढे दीड कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर दर साल हे पांढरे पांघरूण पडू लागले. लोक तिला पांढरी क्रांती म्हणत. काही वर्षांनी तेच लोक ‘पांढरे प्रदूषण’ म्हणू लागले.

असे का झाले? लोभापायी कागद पातळ केला. पातळ कागद स्वस्त, पण हंगाम संपला की तो उचलता येत नाही, हातात चिंध्या येतात. त्या चिंध्या नांगराखाली गेल्या, दर वर्षी नवी भर पडली, मुळे अडू लागली, पाणी अडू लागले. अखेर 2018 पासून चीनने नियम केला की आच्छादनाचा कागद मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा पातळ असता कामा नये. आपल्याकडेही टरबूज, टोमॅटो, मिरची, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांच्या वाफ्यांवर मल्चिंग पेपर दिसतो. त्याखेरीज ठिबकच्या जुन्या नळ्या, खताच्या गोण्यांचे धागे, शहरातून आलेल्या खतातल्या पिशव्या. ऊन लागते, तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणाला शास्त्रज्ञ सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात. हे नाव 2004 साली समुद्राच्या अभ्यासातून रूढ झाले. समुद्राप्रमाणे जमिनीचेही पाहा, असे 2012 साली बर्लिनच्या रिलिग या शास्त्रज्ञाने बजावले. म्हणजे जमिनीवरच्या प्लॅस्टिकचा अभ्यास फार अलीकडचा.

आता प्रयोगांत काय दिसले ते सांगतो, आणि वाढवून-चढवून सांगत नाही. 2016 साली नेदरलँडमधील वागेनिंगेन येथे गांडुळांना पालापाचोळ्यात पॉलिथीनची पूड मिसळून 60 दिवस ठेवले. पाचोळ्यात शेकडा 7 भाग पूड होती तेव्हा विशेष मरतुक झाली नाही. शेकडा 28 आणि त्याहून वर गेल्यावर गांडुळे जास्त मेली आणि उरलेल्यांची वाढ खुंटली. शेकडा 28 हे प्रमाण फारच मोठे, साध्या शेतात ते नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु 2019 साली इंग्लंडातील अँग्लिया रस्किन विद्यापीठात किलोभर मातीत केवळ एक ग्रॅम पूड घालून 30 दिवस प्रयोग झाला. स्वच्छ मातीतल्या गांडुळांचे वजन शेकडा 5 ने वाढले, प्लॅस्टिकच्या मातीतल्यांचे शेकडा 3 ने घटले. गांडूळ मेले नाही, पण सुकले. ज्याच्या जिवावर जमीन नांगरली जायची तोच उपाशी. पोट भरलेले, पण कशाने? पचत नाही अशा वस्तूने.

धातू आणि प्लॅस्टिक यांची जोडी जमली तर? यॉर्क विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 2017 साली पिशव्यांचे तुकडे आणि जस्त यांवर प्रयोग केला. मातीला चिकटलेले जस्त गांडुळाच्या आतड्यासारख्या द्रवात शेकडा 2 ते 15 एवढेच सुटले. प्लॅस्टिकला चिकटलेले मात्र शेकडा 40 ते 60 सुटले. त्या प्रयोगात गांडुळांना इजा झाली नाही हेही खरे. पण माती ज्या धातूला मुठीत घट्ट धरून ठेवते त्याला प्लॅस्टिक पोटात नेऊन सैल सोडते, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ही. डार्विनचे खडूचे तुकडे गांडुळांनी 29 वर्षांत 7 इंच खाली नेले. प्लॅस्टिकच्या कणांचेही ती तेच करतात! वरचे कण बिळांतून खाली जातात, हे 2017 च्या प्रयोगांत स्पष्ट दिसले. म्हणजे आज बांधावर उडणारी चिंधी उद्या कण होऊन मुळांच्या थरात जाईल, आणि तिथून ती वेचून काढायला कोणताही मजूर मिळणार नाही. गांडूळ इमानदार खरा. काय पुरायचे आणि काय नाही, हे त्याला कळत नाही. ते कळायला माणूस पाहिजे.

तेव्हा आपण काय करावे? शेतकरी बंधूंनो, चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, मल्चिंग पेपर वापरायचा तर जाड घ्या, आणि पीक निघाले की अखंड उचला. त्याच्यावर रोटर फिरवू नका. रोटर म्हणजे चिंध्यांचे कण करणारी गिरणीच. बांधावर जाळूही नका. जिथे उसाचे पाचट, भाताचे तूस, गवत हाताशी आहे तिथे त्याचेच आच्छादन करा. गांडुळाला ते अन्न आहे.

दुसरी, बोर्डो मिश्रण गरजेपुरते आणि मोजून. जुनी द्राक्षबाग असेल तर माती तपासताना तांबेही तपासून घ्या. पिकाला तांबे लागते, पण चिमूटभर. युरोपात 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलो तांबे, एवढीच परवानगी आहे. आपल्या काळ्या चुनखडीच्या जमिनी धातूला बऱ्याच घट्ट धरतात. कोकणच्या आंबट तांबड्या जमिनीत तो लवकर मोकळा होतो. तिथे अधिक जपावे.

तिसरी, शहरातले फुकटचे खत आले म्हणून हुरळून जाऊ नका. गांडूळ खताने कचरा कुजतो, पण धातू कुजत नाही; उलट कचरा आटला की उरलेल्यात धातूचे प्रमाण वाढते. म्हणून आपल्या देशाच्या खत नियंत्रण आदेशात गांडूळ खतालाही मर्यादा आहेत. किलोमागे कॅडमियम 5 मिलिग्रॅम आणि शिसे 100 मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त चालत नाही. खत घेताना दाखला मागा, लाजू नका.

चौथी, गांडुळे विकत आणून शेतात सोडली की झाले, अशी समजूत असते. ती बरोबर नाही. खताच्या खड्ड्यातली आयसेनिया फेटिडा ही जात शेणात राहणारी. प्रयोगशाळांत विषाची परीक्षा करण्यासाठीही 1984 पासून तीच प्रमाण मानतात. जमिनीत खोल बीळ करणारी जात निराळी. ती विकत मिळत नाही. शेणखत, पालापाचोळा, ओल आणि विषाचा अभाव एवढे द्या. ती आपण होऊन येते.

गुरुजन हो, तुमच्यासाठी एक काम राखून ठेवले आहे. पावसाळ्याच्या मध्यावर मुलांना शेतावर न्या. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा खड्डा घ्या, माती गोणपाटावर पसरा आणि गांडुळे मोजा. एक खड्डा शेणखताच्या शेतात, एक नेहमी फवारणी होणाऱ्या बागेत, एक बांधाच्या गवतात. मोहरीची पूड पाण्यात कालवून खड्ड्यात ओतली तर खोलातलीही वर येतात. मोजून झाल्यावर साध्या पाण्याने धुऊन पुन्हा मातीत सोडा; जीव आहे तो. त्याच मातीत प्लॅस्टिकचे तुकडे किती सापडले तेही मोजा. तारीख घालून वहीत लिहा आणि पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा. एका वर्गाने सुरू केलेली वही पुढल्या वर्गाने चालवावी. डार्विनने 29 वर्षे धीर धरला. आपल्या शाळेला दहा वर्षे धरता येणार नाहीत काय?

अशी वही गावात असली तर जमिनीत काय चालले आहे हे गावाला वेळेवर कळेल. विसबेकच्या बागाईतदारांना ते फार उशिरा कळले. त्यांना कोणी सांगितले नाही म्हणून नव्हे. त्यांच्या पायांखालची गांडुळे नाहीशी होत असताना खाली वाकून कोणी पाहिले नाही म्हणून. आपली जमीन आपल्या आजोबांनी आपल्याला दिली ती जिवंत दिली. नातवाच्या हाती देताना तिच्यात गांडूळ असावे, एवढी तजवीज आपल्या हातची आहे.